पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल : वाळवंट आणि हिमाच्छादित खिंडी पार करताना सोबत कितपत धरावी?

पाऊलवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या पश्चिम भागातील पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, म्हणजेच पीसीटी, येत्या हंगामात सलग चालण्याचा आम्हा चौघांचा विचार आता पक्का होत आला आहे. ज्यांना या वाटेची कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेक्सिकोच्या सीमेवरील कॅम्पो या कॅलिफोर्नियातील लहानशा वस्तीपासून निघणारी ही पायवाट ऑरेगन आणि वॉशिंग्टन ही राज्ये ओलांडून कॅनडाच्या सीमेला भिडते, आणि तिची लांबी सुमारे 4,265 किलोमीटर आहे. 1968 सालच्या राष्ट्रीय पायवाटांच्या कायद्याने तिला दर्जा मिळाला, तरी ती पूर्ण झाल्याची औपचारिक घोषणा व्हायला 1993 साल उजाडले. दक्षिणेकडून निघणारे बहुतेक जण एप्रिलच्या आसपास चालू लागतात आणि वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडायच्या आत, सप्टेंबरअखेरपर्यंत, उत्तर टोक गाठण्याचा प्रयत्न करतात.

आमच्यातील दोघी पुण्याच्या, एक नाशिकचा आणि एक गेली काही वर्षे सॅन होजेला स्थायिक झालेला आहे. चौघांनीही सह्याद्री भरपूर पालथा घातला आहे आणि हिमालयातील काही मोठे ट्रेक एकत्र केले आहेत. सामान, शिधा, खर्च यांवर आमचे फारसे मतभेद नाहीत. मतभेद आहे तो एकाच मुद्द्यावर. सह्याद्रीतल्या रिवाजाप्रमाणे शेवटचा माणूस पोचेपर्यंत पुढच्याने हलायचे नाही आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत चौघांनी एकत्रच राहायचे, असे आमच्यातील दोघांचे म्हणणे आहे. उरलेल्या दोघांना पाच महिन्यांसाठी ही अट अव्यवहार्य वाटते. ज्यांनी ही वाट पूर्ण किंवा अंशतः चालली आहे, किंवा जे तिच्या जवळ राहतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सॅन डिएगोकर

मी वाटेच्या दक्षिण टोकापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर राहतो आणि दर वसंतात काही पदयात्रींना कॅम्पोपर्यंत सोडायला जातो, त्यामुळे पहिल्या टप्प्याबद्दल लिहितो.

तुमच्या वादाचा काही भाग परवान्यापाशीच निकालात निघण्याची शक्यता आहे. 500 मैलांहून अधिक सलग चालणाऱ्यांना मिळणारा दीर्घ पल्ल्याचा परवाना विनाशुल्क असतो, परंतु तो प्रत्येकाने स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. मेक्सिकोच्या सीमेवरून हंगामात दिवसाला 50 जणांनाच निघता येते आणि नोंदणीच्या दिवशी संगणक ज्याला जी वेळ देईल त्या वेळी उरलेल्या तारखांतून निवड करावी लागते. चौघांना चार वेगवेगळ्या वेळा मिळाल्या, तर एकच तारीख हाती लागेलच असे नाही. तेव्हा 'एकत्रच निघू' ही अट तुमच्या हातात नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

आता वाळवंटाविषयी. हे राजस्थानसारखे वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट नाही. कॅम्पो साधारण 890 मीटर उंचीवर आहे. तिथून वाट माउंट लगुनाच्या पाइन वृक्षांपर्यंत जवळजवळ दुप्पट उंचीवर चढते आणि मग सिझर्स क्रॉसिंगपाशी पुन्हा निवडुंगांच्या सपाटीत उतरते. त्यापुढच्या सॅन फेलिपे टेकड्यांत जवळजवळ 38 किलोमीटर भरवशाचा नैसर्गिक पाणवठा नाही. मध्ये एका फाटकापाशी स्वयंसेवक पाण्याच्या बाटल्या आणून ठेवतात, पण त्या असतीलच असे गृहीत धरून चालणे योग्य नव्हे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे. पाच-सहा लिटर पाणी पाठीवर घेऊन चढायचे असते तेव्हा प्रत्येकाचा वेग निराळा होतो आणि तो कोणाच्याही इच्छेने एकसारखा करता येत नाही.

येथे सर्वांनी मिळून चालण्याचा प्रत्यक्षात तोटाच होतो. पुढे गेलेला माणूस सावली नसलेल्या धारेवर मागच्यांची वाट पाहत तासभर उन्हात उभा राहतो आणि तेवढ्यात त्याचे पाणी संपत जाते. मागचा माणूस धापा टाकत पोचतो त्या क्षणी पुढचे निघायला तयार असतात, म्हणून त्याला विश्रांती अशी कधी मिळतच नाही. पहिल्या काही आठवड्यांत वाट सोडून परतणाऱ्यांमध्ये नडगीच्या आणि टाचेच्या दुखण्यांनी जेरीस आलेले पुष्कळ असतात, आणि ही दुखणी बहुधा दुसऱ्याच्या वेगाने चालण्यातून येतात, असे माझे निरीक्षण आहे. शिवाय धारेवर तंबू लावण्याजोगी जागा अनेक ठिकाणी दोन-तीन तंबूंपुरतीच असते. गावात जाण्यासाठी वाटेत मोटारीला हात दाखवावा लागतो, आणि चार माणसे व चार सॅक एकदम घेणारी मोटार सहजासहजी थांबत नाही.

कोकणकडा

सॅन डिएगोकर यांच्याशी सहमत आहे, किंबहुना मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की पुण्याहून गट बांधून जाऊच नये. मी दक्षिण कॅलिफोर्नियाचा टप्पा एकट्याने चाललो आहे. निघताना एकटा असलेला माणूस तिथे फार दिवस एकटा राहत नाही. ज्यांचा वेग, उठण्याची वेळ आणि विनोदाची जात जुळते अशी माणसे आठवडाभरात आपोआप एकमेकांच्या जवळ येतात, आणि या जुळलेल्या टोळक्याला तिकडे 'ट्रॅमिली' म्हणतात. लोक एकमेकांना वाटेवरची टोपणनावे देतात आणि खरी नावे शेवटपर्यंत अनेकांना ठाऊकही होत नाहीत. घरून ठरवून नेलेला गट या सगळ्याला मुकतो, कारण तो रात्री स्वतःभोवतीच बसतो आणि मराठीतच बोलतो.

आपल्याकडच्या ट्रेकमध्ये पुढे लीडर आणि कोणी मागे राहू नये म्हणून सर्वांत शेवटी चालणारा स्वीप असतो, ते एक-दोन दिवसांच्या आणि वाट चुकण्याजोग्या जंगलातल्या भटकंतीसाठी योग्यच आहे. पीसीटीवर मळलेली वाट आहे, फोनमध्ये नकाशा आहे आणि पाणवठ्यांवर ताजी माहिती लिहिणारे शेकडो लोक पुढे-मागे आहेत. तिथे लीडर नेमणे म्हणजे एका मित्राला पाच महिन्यांसाठी मुकादम करणे होय.

मृगजळ

वाचते आहे, उत्तम धागा. एक मूलभूत शंका आहे. भारतीय पारपत्रावर इतका काळ तिथे राहता येते का? आणि शेवटी कॅनडात उतरायचे असेल तर काय करावे लागते?

रेनिअरच्या सावलीत

मृगजळ यांच्या शंकेचे उत्तर देते. पर्यटनाचा बी-2 व्हिसा चालतो, परंतु व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानतळावरचा अधिकारी आय-94 या नोंदीत जी तारीख घालतो ती खरी मर्यादा असते. साधारणपणे सहा महिने मिळतात, आणि पाच महिन्यांच्या चालीला ते पुरतात, पण फार आधी येऊन नातेवाइकांकडे महिनाभर राहण्याची चैन मग परवडत नाही. मुलाखतीत 'चार हजार किलोमीटर चालायला जाते आहे' असे सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते ज्याने त्याने अनुभवावे. खरे तेच सांगावे आणि परवान्याची प्रत सोबत न्यावी.

कॅनडाबाबत जुन्या लेखांवर विसंबू नका. पायवाटेने सीमा ओलांडून कॅनडात जाण्यासाठी पूर्वी मिळणारी विशेष परवानगी कॅनडा सरकारने जानेवारी 2025 मध्ये बंद केली. त्यामुळे सीमेवरच्या स्मारकाला हात लावून सुमारे 48 किलोमीटर मागे, हार्ट्स पासपर्यंत, परत चालत यावे लागते. कॅनडाचा व्हिसा तुमच्याजवळ असला तरी यात फरक पडत नाही, कारण त्या ठिकाणी अधिकृत प्रवेशद्वार नाही.

हिमवाट

वरचा सगळा मजकूर वाचून एका गोष्टीची काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहितो. मी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक आणि पुढचा कोर्स केला आहे आणि कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा या उंच पर्वतरांगेचा टप्पा बर्फ पुष्कळ शिल्लक असताना चाललो आहे. पहिल्या 1,100 किलोमीटरांबद्दल सॅन डिएगोकर आणि कोकणकडा जे म्हणतात ते मला मान्य आहे. मात्र तोच नियम केनेडी मेडोजच्या पुढे लावणे धोक्याचे आहे.

केनेडी मेडोजच्या दुकानापाशी पोचणाऱ्या प्रत्येकाचे आधी आलेले लोक टाळ्या वाजवून स्वागत करतात, कारण तिथे वाळवंट संपते. तिथून पुढे वाट चढत जाऊन फॉरेस्टर पासला 4,009 मीटरची उंची गाठते. संपूर्ण पीसीटीवरील हा सर्वोच्च बिंदू आहे. त्यानंतर ग्लेन, पिंचॉट, मेदर, म्यूर अशा खिंडी एकापाठोपाठ एक येतात. हिमालयात चाललेल्यांना ही उंची मोठी वाटणार नाही, आणि नेमका तोच गैरसमज घातक आहे. येथे प्रश्न विरळ हवेचा कमी आणि मे-जून महिन्यांतील वितळत्या बर्फाचा अधिक असतो.

दिवसाचे गणित असे असते. रात्रीच्या थंडीने बर्फाचा पृष्ठभाग घट्ट होतो, म्हणून पहाटे तीन-चारला निघून सकाळी ऊन तापायच्या आत खिंड ओलांडायची, कारण नंतर पाय मांडीपर्यंत रुतू लागतो आणि एक किलोमीटर चालायला तास जातो. फॉरेस्टरच्या दक्षिण बाजूला, माथ्याच्या अगदी खाली, तीव्र उताराची एक बर्फाने भरलेली घळ आडवी पार करावी लागते. तिथे पाय घसरल्यावर आइस ॲक्सने, म्हणजे बर्फात रोवायच्या कुदळीसारख्या हत्याराने, स्वतःला थांबवता येणे हे कौशल्य पुस्तक वाचून येत नाही, सराव करावा लागतो. खिंड उतरल्यावर ओढे येतात. दुपारी वितळलेले पाणी संध्याकाळपर्यंत चढते आणि पहाटे सर्वांत कमी असते. फार बर्फ पडलेल्या 2017 सालच्या हंगामात सिएरातील ओढ्यांत बुडून दोन पदयात्रींचा मृत्यू झाला होता, आणि 2023 मध्ये बर्फ इतके होते की अनेकांनी हा टप्पा वगळून पुढे जाणे पसंत केले.

अशा ठिकाणी तीन-चार माणसांची सोबत हे एक साधन असते. एकमेकांचे खांदे धरून, सर्वांत धिप्पाड माणसाला प्रवाहाच्या तोंडाशी ठेवून ओढा ओलांडला तर मागच्यांवरचा पाण्याचा जोर कमी होतो. मऊ बर्फात पुढे राहून पावलांच्या खोबणी पाडण्याचे काम आळीपाळीने करता येते. 'आज पाणी जास्त आहे, उद्या पहाटे बघू' हे वाक्य एकट्या माणसाला स्वतःला सांगणे फार अवघड जाते, कारण त्याच्या सॅकमधील शिधा मोजका असतो आणि त्याला पटवणारे दुसरे कोणी नसते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की वाळवंटात आपापल्या वेगाने चाला, केनेडी मेडोजला एकमेकांसाठी थांबा, आणि तिथून सोनोरा पासपर्यंत मात्र एकत्र राहण्याचा नियम कडकपणे पाळा. सह्याद्रीतील तुमचा 'शेवटचा माणूस पोचेपर्यंत' हा रिवाज या 500 किलोमीटरांसाठी अगदी योग्य आहे.

कोकणकडा

हिमवाट यांचा मुद्दा मान्य आहे, पण त्यातून घरचाच गट हवा हे सिद्ध होत नाही. केनेडी मेडोजला दर हंगामात अनोळखी माणसे बर्फासाठी गट बांधतात आणि ते गट चांगले चालतात. उलट जुन्या मित्रांत भीड असते. ज्याला आइस ॲक्स नीट वापरता येत नाही त्याला 'तू हा टप्पा सोड' असे परका माणूस स्पष्ट सांगेल, मित्र सांगणार नाही.

हिमवाट

सांगत नसेल तर तो मित्र घेऊन जाऊ नये, एवढेच मी म्हणेन. अनोळखी माणूस खिंडीच्या पायथ्याशी मत बदलून पुढे निघून जाऊ शकतो आणि त्यात त्याचा दोष नसतो, कारण त्याने तुम्हाला शब्दच दिलेला नसतो. बाकी तुमची भीडेबद्दलची शंका रास्त आहे. परत फिरण्याचा निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, चौघांपैकी कोणीही एकाने 'नको' म्हटले की सर्वांनी फिरायचे, असे पुण्यातच ठरवून घ्यावे.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. टप्प्यांनुसार नियम वेगळा ठेवता येईल हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. आता सामानाबद्दल विचारते. ओझे कमी व्हावे म्हणून दोघांत एक तंबू, चौघांत एक शेगडी आणि एक पाण्याचा फिल्टर अशी आमची योजना होती. वाळवंटात वेगवेगळे चालायचे असेल तर ती मोडीत काढावी लागेल का? आणि आम्ही तिघे शाकाहारी आहोत, त्यांच्या शिध्याचे काय करावे?

रेनिअरच्या सावलीत

तंबूचे खांब एकाकडे आणि कापड दुसऱ्याकडे असले की त्या दोघांना संध्याकाळी भेटावेच लागते, आणि मग दिवसभर 'तो कुठे पोचला असेल' याच विचारात चालणे होते. तंबू, फिल्टर, प्रथमोपचार, नकाशा आणि पाण्याचे भांडे प्रत्येकाचे स्वतंत्र असावे असे माझे ठाम मत आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्रही शक्य असेल तर प्रत्येकाकडे असावे, कारण डोंगरात फोनला रेंज नसणे हेच नेहमीचे आहे. सिएरात अस्वलांमुळे बऱ्याच भागात अन्न कडक झाकणाच्या डब्यात, म्हणजे बेअर कॅनिस्टरमध्ये, ठेवणे बंधनकारक आहे. रिकामा डबाच जवळजवळ किलोभर भरतो आणि त्यात एका माणसाचा जेमतेम आठवडाभराचा शिधा मावतो, त्यामुळे तिथेही भागीदारी जमत नाही. शेगडी मात्र सिएरात सामाईक ठेवायला हरकत नाही, कारण तिथे तुम्ही एकत्रच असाल.

शाकाहाराची अडचण मोठी नाही. अडचण आहे ती उष्मांकांची, कारण दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर चालणाऱ्याला कितीही खाल्ले तरी कमीच पडते. दाण्याचा कूट, सुकामेवा, तूप, गूळ आणि शेंगदाण्याचे लोणी हे वजनाच्या मानाने भरपूर ऊर्जा देणारे पदार्थ आहेत. झटपट शिजणारा भात, त्यावर मेतकूट आणि तूप हे माझे अनेक मुक्कामांचे जेवण होते आणि शेजारच्या तंबूतले लोक वासाने चौकशीला येत. भारतातून नेलेले कोणतेही खाद्यपदार्थ विमानतळावर घोषित करावेत, अन्यथा दंड होऊ शकतो. मोठ्या गावांत दुकाने चांगली आहेत, पण वॉशिंग्टनमधल्या काही ठिकाणी आगाऊ पार्सल पाठवणेच सोयीचे पडते. स्टेहेकिन या शेवटच्या गावाला तर बाहेरच्या जगाशी जोडणारा मोटाररस्ताच नाही, तिथे बोटीने, छोट्या विमानाने किंवा पायी पोचता येते. अशी पार्सले टपाल कार्यालयात तुमच्या नावाने ठेवून घेतली जातात. मात्र पाच महिन्यांचा सगळा शिधा एकदम बांधून पाठवू नका, कारण दुसऱ्या महिन्यात त्याच चवीचा कंटाळा येतो.

स्त्रियांसाठी एक गोष्ट सांगते. वाटेवर मला असुरक्षित वाटले नाही, पण गावाकडे जाताना मोटारीला हात दाखवण्याच्या वेळी दुसरे कोणीतरी बरोबर असावे असा नियम मी ठेवला होता. दोघींनी वाळवंटात वेगवेगळे चालायचे ठरवले तरी रस्त्यापाशी एकमेकींची वाट पाहणे शहाणपणाचे ठरेल.

सॅन डिएगोकर

एक भर घालतो. सिएरा संपली म्हणजे पाण्याची चिंता संपली असे नाही. उत्तर कॅलिफोर्नियातील हॅट क्रीक रिमच्या पठारावर पुन्हा पन्नासेक किलोमीटर कोरडी वाट आहे, आणि तिथे तुम्ही ऐन उन्हाळ्यात असाल. त्याच सुमारास वणव्यांचा हंगाम सुरू होतो. 2021 सालच्या डिक्सी वणव्याने जवळजवळ दहा लाख एकर क्षेत्र जाळले आणि त्यात पीसीटीचाही मोठा भाग सापडला. वाट बंद झाली की गटात खरा तंटा उभा राहतो. एकाला बंद टप्पा मोटारीने ओलांडून पुढे जायचे असते, दुसऱ्याला लांबच्या रस्त्याने का होईना पण पावलांची सलगता राखायची असते, तिसरा उत्तरेकडे जाऊन तिथून दक्षिणेकडे चालत यायचे म्हणतो. तिन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. तेव्हा येथे फुटण्याची मोकळीक आधीच देऊन ठेवा.

पाऊलवाट

काल रात्री चौघांनी हा धागा एकत्र वाचला आणि बरीच चर्चा झाली. वाळवंटात प्रत्येकजण आपापल्या वेगाने चालेल आणि गावांमध्ये भेटेल, केनेडी मेडोजला थांबून सोनोरा पासपर्यंत एकत्र राहायचे, त्यापुढे ज्याला जसे जमेल तसे, असे ठरले आहे. सामान स्वतंत्र असेल. जानेवारीत आम्ही सगळेच मनालीजवळ बर्फावरच्या सरावासाठी जाणार आहोत. परत फिरण्याचा नकाराधिकार प्रत्येकाला देण्यावर मात्र अजून एकमत नाही, कारण एकाच्या मते भीतीपोटी कोणीही कधीही 'नको' म्हणेल. एकच व्यावहारिक शंका उरली आहे. परवान्याच्या तारखा दहा-बारा दिवसांच्या अंतराने मिळाल्या, तर आधी निघणाऱ्याने काय करावे? तारीख पुढे ढकलता येते का?

सॅन डिएगोकर

परवान्यावर लिहिलेल्या दिवशीच निघावे लागते. दुसऱ्या कोणी रद्द केलेली जागा नंतर मोकळी झाली तर ती घेता येते, म्हणून नोंदणीनंतरही संकेतस्थळ अधूनमधून पाहत राहा. तेही जमले नाही, तर आधी निघणाऱ्याने पहिले दोन आठवडे मुद्दाम कमी अंतर चालावे, पायांनाही ते मानवते. सुमारे 290 किलोमीटरवर सॅन हसिंटो डोंगराच्या कुशीत आयडलवाइल्ड हे गाव आहे, तिथे काही दिवस थांबावे. वसंतात त्या डोंगराच्या उत्तर उतारावर बर्फ असू शकतो, त्यामुळे मागच्यांची वाट पाहून तो भाग बरोबर ओलांडणे तसेही चांगले. त्यापुढे फुलर रिजवरून आंतरराज्य महामार्गापर्यंतचा जवळजवळ दोन हजार मीटरचा बिनपाण्याचा उतार मात्र पहाटे निघून ज्याने त्याने आपल्या गुडघ्यांच्या हिशेबाने उतरावा. कॅम्पोला कधी पोचणार ते कळवा, सॅन डिएगोहून न्यायला मी येईन, आणि आमच्या मोटारीत चार सॅक मावतात.

हिमवाट

नकाराधिकाराबद्दल : ज्यांना तो नको आहे त्यांना मनालीच्या सरावात तीव्र उतारावर, पाठीवर पूर्ण ओझे घेऊन, आइस ॲक्सने स्वतःला थांबवायला सांगा आणि त्याच संध्याकाळी पुन्हा मत विचारा. उत्तर काय येते ते येथे लिहा.